विरोधात एक

सूर्य पूर्वेला उगवतो, असा ठराव उद्या कोणी मांडला आणि अख्ख्या जगाने मान डोलावली, तरी आमचे साडू विरोधात हात वर करतील. आणि ठराव मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी सूर्याच्याही आधी उठून पूर्वेकडे तोंड करून उभे राहतील, त्याच्या येण्यात काही कुचराई होऊ नये म्हणून. आधी विरोध करायचा आणि मग तेच काम सगळ्यांपेक्षा मन लावून करायचं, अशी त्यांची रीत. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी त्यांचा गुन्हेगार होतो. ते मी पुढे सांगणारच आहे, पण आधी त्यांच्याबद्दल सांगू द्या.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अमडापूरकडचे, पण हयात गेली ती आमच्या गावच्या धान्य मार्केटात हमाली करण्यात. अंगाने सडपातळ, उंची मात्र अशी की धान्याच्या थप्पीवर चढायला इतरांना फळी लागते, तिथे यांना नुसता पाय उचलावा लागतो. विरोध ते तोंडाने करत नाहीत, हाताने करतात. डावा हात कमरेला खोचलेल्या, पोती ओढायच्या लोखंडी आकड्यावर आणि उजवा कानाला घासून सरळ वर, तळवा पुढे. एकदा वर गेलेला तो हात, आपल्या हरकतीची नोंद झाल्याची खात्री पटेपर्यंत खाली येत नाही. घरी चहा विचारला तरी तेच. "चहा घ्यायचा ना साडभाऊ?" म्हटलं की हात वर. आपण बशी मागे घेतली की म्हणणार, "इरोध नोंदवला. आता द्या." मग दोन कप.

त्यांच्या लग्नाची सुपारी फुटायची होती, तेव्हाची गोष्ट माझ्या बायकोने मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली होती. पोह्यांच्या बशा हातात होत्या. कोणीतरी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाची काही हरकत तं नाई ना?" आणि खुद्द नवरदेवाचा हात वर गेला. सासऱ्यांचा घास घशात अडकला. नवरदेव म्हणाले, "हरकत हाय. पोरीले कोनं इचारलं?" तोवर पोरीला विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या अक्काला विचारलं, तर ती खाली मान घालून, पण अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मिशी नको." साडू उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. लग्न मोडलं म्हणून बायका डोळ्याला पदर लावू लागल्या, तोच हे गृहस्थ वरचा ओठ कोरा करून परत आले, जागेवर बसले आणि म्हणाले, "आता हरकत नाई." अक्का अजून म्हणते, "आनखी दोन-चार गोष्टी तवाच सांगून घ्याले पाह्यजे होत्या मी."

एकदा आमच्या सगळ्या हमाल-मापाऱ्यांनी शेगावला दर्शनाला जायचं ठरवलं. साडूंचा विरोध. कारण काय, तर गाडीचा ड्रायव्हर झोपाळू दिसतो. ठराव बहुमताने मंजूर झाला, आणि पहाटे गाडीपाशी सगळ्यांच्या आधी साडू, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून, हजर. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि जाताना-येताना त्याच्या प्रत्येक वळणाला हरकत घेत राहिले. त्या बिचाऱ्याला जांभईसुद्धा देता आली नाही. परतल्यावर त्याने हात जोडून सांगितलं, "मामा, तुमी असले तं मी पुढच्या टायमाले गाडी नाई आनत." आम्ही मात्र सुखरूप घरी आलो होतो.

आता माझ्याविषयी. मी मापारी. पोतं काट्यावर चढवतात दुसरे, मी फक्त आकडा वाचतो. बारावीपर्यंत शिकलेला मार्केटात मी एकटाच, म्हणून आमच्या संघटनेच्या गावशाखेचा सेक्रेटरी मलाच केलं. संघटना जिल्ह्याची, अध्यक्ष बुलढाण्याचे. ते अधूनमधून जीपमधून येत, शेडमध्ये सभा होई, ठराव वाचला जाई, बावन्न-त्रेपन्न हात वर जात. मग रिवाजाप्रमाणे मी विचारी, "विरोधात?" आणि तो एक लांबलचक हात वर जाई. कारणं नाना तऱ्हेची. बॅनरच्या रंगाला विरोध, सभेच्या वेळेला विरोध, मार्केटच्या गेटसमोर सर्वांचा फोटो काढायला विरोध. म्हणे, "त्या गेटासमोर मी रोजच उभा राह्यतो, फोटो कायले पाह्यजे?" फोटोत मग सगळ्यात ताठ तेच उभे.

पहिल्या सभेचं इतिवृत्त मी खरं लिहिलं. ठराव मंजूर, विरोधात एक. अध्यक्षांनी ते वाचलं, हसले, म्हणाले, "सेक्रेटरी, एका हातासाठी पान कशाला खराब करता? सर्वानुमते लिहा. दिसायला बरं दिसतं. अन् तुमचं अक्षर तर काय, छापल्यावानी!" मला कोणी धमकावलं नाही, काही दिलं नाही. छापल्यासारखं अक्षर, एवढ्या एका कौतुकावर मी विरघळलो आणि ते पान फाडून नव्याने लिहिलं. त्यानंतर सतरा वर्षं मी प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' लिहीत आलो.

आणि प्रत्येक वेळी साडू हात वर ठेवूनच विचारत, "लेह्यलं का साडभाऊ?"

मी म्हणे, "लिहिलं."

मग हात खाली येई. साडूंना छापील अक्षरं एकेक जोडून वाचता येतात, माझं धावतं लिखाण वाचता येत नाही. वही कधी पाहायला मागितली नाही त्यांनी. म्हणायचे, "तुमी लेह्यलं म्हन्जे झालं."

त्या ठरावांमध्ये एक ठराव फोटोसारखा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. 'क्विंटलचं पोतं वाहण्यास हमालांची हरकत नाही.' आजूबाजूच्या मार्केटांत पन्नास किलोचा कट्टा येऊ लागला होता, आमच्याकडे व्यापाऱ्यांना शंभर किलोचं पोतंच सोयीचं होतं, आणि अध्यक्षांना व्यापारी सोयीचे होते. कोणत्या टोळीला केव्हा कामाची पाळी द्यायची हे अध्यक्षांचा माणूस ठरवायचा, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. हात एकच वर गेला. साडू म्हणाले, "पोतं माह्या पाठीवर येते साहेब, ठराव तुमच्या टेबलावर राह्यते." मी लिहिलं, सर्वानुमते. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त पोती त्यांनीच वाहिली, आणि मी काट्याशेजारी बसून आकडे वाचत राहिलो.

गेल्या वर्षी मार्केटातल्या पोरांनी उचल खाल्ली. जिल्ह्याच्या संघटनेतून फुटायचं, आपल्या मार्केटाची वेगळी संघटना काढायची, आणि पहिलं काम म्हणजे पोतं बंद, कट्टा सुरू. साडूंनी आधी विरोध केलाच. ऐन सोयाबीनच्या हंगामात कोणी वेगळं होतं का, म्हणून. मग मागणीच्या कागदावर पहिली सही त्यांचीच. घरोघर जाऊन लोकांना समजावलंही त्यांनीच. अध्यक्षांचा निरोप आला, ठराव पडला तर पहिली सही करणाऱ्याने दुसरं मार्केट शोधावं. साठीला टेकलेल्या हमालाला दुसरं मार्केट कोण देणार?

सभा मार्केट बंद असलेल्या दिवशी, शेडमध्ये भरली. अध्यक्ष आले, आणि त्यांनी माझ्या हातातली इतिवृत्ताची वही घेऊन एकेक ठराव वाचायला सुरुवात केली. "सर्वानुमते. सर्वानुमते. हा पोत्याचा, सर्वानुमते! सतरा वर्षांत तुमच्यापैकी एकाची तरी हरकत आहे का? मग पाठ आजच कशी दुखायला लागली?"

माणसं खाली पाहू लागली. आपण खरंच कधी काही बोललो नाही, हे प्रत्येकाला आतून ठाऊक होतं. धान्य चाळणाऱ्या बायांमधली म्हातारी मथुराबाई तेवढी ओरडली, "कागदं काय दाखवता साहेब, पाठी दाखवू का ह्याईच्या?" थोडं हसू उमटलं आणि विरलं. वारं फिरलं होतं. मागच्या रांगेतले दोघे-चौघे उठायच्या बेतात होते.

तेव्हा साडू उभे राहिले. अगदी शांत. "एकाची हरकत हाय साहेब. वहीत हाय. साडभाऊ, वाचा. माहा हात वाचा."

त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. थोडी जरी असती तरी कदाचित मी काहीतरी सारवासारव केली असती. मी वही घेतली, उघडली, मिटली. म्हणालो, "नाही लिहिला. एकदाही नाही. प्रत्येक ठरावाला यांचा हात वर होता, आणि मी प्रत्येक वेळी सर्वानुमते लिहिलं. पोत्याच्या ठरावालासुद्धा. आणि दर वेळी यांना सांगितलं, लिहिलं म्हणून."

साडू मागच्या दगडी ओट्यावर हळूच बसले. सतरा वर्षांची हमाली त्या एका क्षणात त्यांच्या खांद्यावर येऊन बसल्यासारखे दिसले ते मला. शेडमध्ये मात्र गलका उसळला. "काढा बे ह्या सेक्रेटरीले! आत्ताच्या आत्ता काढा!" पोरांचे हात भराभर वर गेले. मला ते पटत होतं. मी खुर्चीवरून उठलोही. तेवढ्यात कोणीतरी, सवयीनेच, विचारलं, "विरोधात?"

ओट्यावरून तो हात वर गेला.

"सतरा वर्षं खोटं लेह्यलं यानं," साडू म्हणाले. "खरं बोलाले आजच लागला. आजच काऊन काढता त्याले? बस बे खुर्चीवर. अन् लेह्य. हात दिसून राह्यला ना?"

पंचवीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली. मी बसलो.

अध्यक्ष हसून म्हणाले, "हे साडू-साडूचं घरगुती भांडण आहे. याचा सभेशी काय संबंध?"

"घरगुतीच हाय साहेब," मथुराबाई म्हणाली, "घर वेगळं करून राह्यलो आमी."

मग जो हशा पिकला, तो विरला नाही. बसलेली माणसं उभी राहिली. जो तो शेजाऱ्याला सांगू लागला, माझीही हरकत होती, मीही बोलणार होतो. एक माणूस सतरा वर्षं एकटा हात वर करत होता आणि त्याचं कोणी काही वाकडं केलं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. अध्यक्ष ठराव मताला टाकेनात, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मीच टाकला. "वेगळी संघटना काढायची. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

शेडमध्ये हातांचं रान उगवलं. मी मोजले. खात्री करायला पुन्हा मोजले. एक्कावन्न. अध्यक्षांची दोन माणसं जीपजवळ जाऊन उभी राहिली होती, ती कशातच नव्हती. ठराव मंजूर झाला होता, पण त्या दिवशी मला एकही अक्षर वगळायचं नव्हतं. मी विचारलं, "विरोधात?"

आणि डावा हात कमरेच्या आकड्यावर, उजवा कानाला घासून सरळ वर.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग साडूंनी स्वतःच मान वर करून आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. 'मान्य'च्या वेळी तो खालीच राहिला होता, आपल्या नेहमीच्या पाळीची वाट पाहत! "अबे," ते म्हणाले, "सवय हाय ना!"

पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. कोणीतरी म्हणालं, "मामा, घ्या खाली, पुन्ना मोजू." साडूंनी हात खाली घेतला नाही. "पुन्ना कायले? झालं ते झालं. लेह्य, विरोधात एक." मी लिहिलं. आमच्या संघटनेच्या पहिल्या ठरावाला विरोध करणारा एकमेव माणूस म्हणजे ज्याने ती उभी केली तो, अशी नोंद आता कायमची वहीत आहे. मग पोरांनी त्यांना खांद्यावर उचललं आणि अख्ख्या मार्केटातून मिरवलं. साडू वरून ओरडत होते, "उतरवा बे! पन्नास किलोच्या वर हावो मी, नव्या नेमात बसत नाई!"

कट्टा आला. तो हंगाम संपायच्या आतच आला. नव्या संघटनेचे अध्यक्ष साडूच झाले. त्यांच्या निवडीला त्यांचाच इतका विरोध होता की ती सभा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालली. सेक्रेटरी मीच राहिलो. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. अक्कानेही नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून मीच एकदा जुन्या वह्या घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. आता मार्केट बंद असलं की दुपारी आम्ही तिथे बसतो. मी एकेक ठराव वाचतो, साडू डोळे मिटून आठवतात आणि सांगतात, मी समासात लिहितो. त्यांना सगळं आठवतं, तारखांनी नाही, पिकांनी. "हा तुरीच्या दिवसातला. पाऊस लांबला होता तवाचा." काही ठिकाणी थांबून म्हणतात, "इथं माहंच चुकलं होतं. तेबी लेह्य." मी तेही लिहितो.

परवा एक दुखवट्याचा ठराव निघाला. साडूंचा थप्पीवरचा जोडीदार होता, पोतं उचलताना दुसरं टोक कायम त्याच्या हातात असायचं. एका उन्हाळ्यात गेला. खाली माझ्याच छापल्यासारख्या अक्षरात, सर्वानुमते मंजूर. मी पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "इथं काय लिहू?"

साडू समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "इथं काई नको लेहू. हे खरं हाय."

मी टोपण लावलं. अक्का चहा घेऊन आली. त्या दिवशी त्यांनी हात वर न करताच कप घेतला.