पाठीला गार लागतं

शवागाराबाहेरच्या बाकावर बसून दादाने बाबांच्या निधनाची बातमी लिहिली, ‘रुग्णालयाचे निवृत्त कर्मचारी’, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच शवागारात बाबा एकतीस वर्षं मुडदेफरास होते. कर्मचारी काय, इथला पंखे दुरुस्त करणाराही आहे. पण दादाच्या सासरी ‘मुडदेफरास’ हा शब्द चालत नाही. लग्नातही त्याने सासरच्यांना सांगताना बाबांना औषधांच्या खिडकीवर बसवलं होतं.

मी आठवीत असताना वर्गातल्या मुली मला तोच शब्द शिवीसारखा फेकून मारायच्या. रडत घरी आले, तर बाबा म्हणाले, शब्दकोश बघ. मुडदा म्हणजे प्रेत. फरास म्हणजे पूर्वी मोठ्या घरी पाहुणे यायच्या आत बैठक अंथरणारा नोकर. मी वाचून दाखवलं. बाबा चहा फुंकत म्हणाले, “बरोबर आहे की. मी अंथरतोच.”

खरंच अंथरायचे. स्टीलच्या टेबलावर कुणालाही ठेवण्याआधी घरून नेलेली धुतलेली चादर. नियमात नव्हतं. डॉक्टर हसायचे. पाठीला गार लागतं, एवढंच बाबांचं उत्तर. आई त्या चादरी उकळून वाळत घालायची, तेव्हा शेजारीण नाक मुरडून खिडकी लावायची. तिचा नवरा गेला, तेव्हा त्याच्याखालीही बाबांनीच चादर घातली. तरीही खिडकी बंदच राहिली. मेल्यांनो, तुमची पाळी येईपर्यंतच काय तो तोरा.

ताब्यात देण्याआधी ओळख पटवायला आम्हाला आत बोलावलं. बाबा उघड्या स्टीलवर होते. चादर कुठे, मी विचारलं. बाबांच्या जागी आलेला नवा माणूस म्हणाला, तसलं काही इथे नसतं, ताई. दादा कुजबुजला, तमाशा करू नकोस.

आईने दिलेली चादर मी पिशवीतून काढली.

“पाय उचल,” मी दादाला म्हटलं.

नव्या माणसाने खांदे धरले. दादाने पाय उचलले, तेव्हा त्याचे हात टेबलाला टेकले. मी चादर घातली, सुरकुत्या काढल्या, आणि बाबांना परत निजवलं.

बाहेर येऊन दादा बराच वेळ हात चोळत बसला.

“किती गार आहे गं ते,” तो म्हणाला.

मग त्याने ‘कर्मचारी’ खोडून ‘मुडदेफरास’ लिहिलं. माझा राग काही गेला नाही. एवढं कळायला याला बाबा मरावे लागले.