बादली काढली की बादली घालायची

शैलाकाकूंच्या घरातलं तापमान काकूंच्या आधी त्यांच्या मुलाला कळायचं. मुलगा प्रसन्न राहायचा टेक्ससमध्ये, शुगर लँडला, जिथे जानेवारीतही माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात. काकू राहायच्या पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून वीस मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळीत आला तेव्हा प्रसन्नने आईच्या हॉलमध्ये एक नवा थर्मोस्टॅट ठोकला आणि तो आपल्या फोनला जोडून घेतला. आईशी बोलायला त्याला रविवारीच वेळ मिळायचा. आकडा बघायला मात्र भर मीटिंगमध्येही मिळायचा.

यामागे एक करार होता. काकूंचे यजमान विष्णुपंत जाऊन दोन वर्षं झाली होती आणि सहासष्ट वर्षांच्या एकट्या बाईने परसात लाकडं जाळून घर तापवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं प्रसन्नचं मत होतं. काकूंचं मत असं, की वेडेपणा असलाच तर तो तुझ्या बापाचा आहे, मी फक्त चालवतेय. बरीच वादावादी होऊन ठरलं, की या हिवाळ्यात हॉलचा आकडा सलग चोवीस तास साठ फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्याकडच्या साधारण साडेपंधरा डिग्रीच्या, खाली राहिला, तर काकूंनी बॅग भरायची, घर विकायचं आणि शुगर लँडला जायचं. नाही राहिला, तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. काकूंनी शब्द दिला आणि काकू शब्दाच्या पक्क्या होत्या. बाकी कशाच्या नसल्या तरी.

तर हा बॉयलर. मागच्या दारापासून चाळीस पावलांवर, दिसायला पत्र्याच्या खोपटासारखा, वर धुराडं. आत भट्टी आणि भट्टीच्या चारी बाजूंनी चारशे गॅलन पाणी. लाकडं पेटली की पाणी तापतं, पंप ते जमिनीखालच्या पाइपातून तळघरात ढकलतो. तिथे पातळ पत्र्यांची एक पेटी असते, तिला हीट एक्स्चेंजर म्हणतात. तिच्यात ते पाणी आपली ऊब घरातल्या रेडिएटरांना देऊन टाकतं आणि गार होऊन भट्टीकडे परत जातं. तेच पाणी, वर्षानुवर्षं.

विष्णुपंत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इंजिनियर होते. तेरा वर्षांपूर्वी त्यांनी हे घर घेतलं ते या बॉयलरकडे बघून. घरात स्वयंपाकघर आहे की नाही हे त्यांनी दुसऱ्या फेरीत पाहिलं. बॉयलर कसा चालवावा हे त्यांनी नऊ पानांत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून खिळ्याला टांगून ठेवलं होतं. काकू त्याला पोथी म्हणायच्या. ओलं लाकूड घालू नये. राख रोज ओढावी. दार उघडताना तोंड बाजूला ठेवावे. नववा नियम पाण्याचा होता: 'पाण्याला कोणीही हात लावू नये. लावल्यास मला कळते.' हे शेवटचं वाक्य वाचून काकू दरवेळी नाक मुरडायच्या. या माणसाला घरात मीठ संपलेलं कळत नसे.

काकूंच्या लेखी बॉयलरबियलर काही नव्हतं, तो बंब होता. सांगलीला त्यांच्या माहेरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्यांवर तापणारा, आणि घरातल्या शेंबड्या पोरालाही त्याचा एकच कायदा पाठ होता: बादली काढली की बादली घालायची. न घालणाऱ्याला धपाटा मिळे. आता ज्या बाईच्या परसात चारशे गॅलन कढत पाणी उभं आहे, तिने विजेच्या टाकीतल्या कोमट शॉवरखाली का कुडकुडावं? बॉयलरच्या मागे खाली एक पितळी नळही होता. पाणी घ्यायचं नसतं तर नळ कशाला ठेवतील?

म्हणून पहिल्या हिवाळ्यापासून काकूंचा क्रम ठरला. विष्णुपंत आठला कामावर गेले, की साडेआठला काकू गमबूट चढवायच्या, स्टुलावर उभं राहून बॉयलरच्या टोपणातून एक बादली विहिरीचं गार पाणी ओतायच्या, मग नळाखाली झाकणाची बादली भरून, गराज सेलमधून आणलेल्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर ठेवून, दोरीने ओढत घरी न्यायच्या. मग विसण घालून मनसोक्त आंघोळ. पाण्याला लालसर छटा असायची, तो बहुधा लोहाचा अंश असावा आणि गुडघ्यांना चांगला असावा, असा काकूंनीच निष्कर्ष काढला होता. त्यामुळे बॉयलरचा पाण्याच्या पातळीचा काटा कायम 'फुल'वर. विष्णुपंतांना पत्ता नव्हता. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून इतकी वर्षं ही चोरी चालली, याचा काकूंना गुडघ्यांपेक्षाही जास्त आनंद होता.

नंतर विष्णुपंत गेले. चोरी कोणापासून लपवायची हा प्रश्न उरला, पण आंघोळ चालूच राहिली.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी हॉलचा आकडा एकसष्ट झाला. बाहेर उणे बारा. काकूंनी पोथी उघडली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. भट्टीत निखारे लालभडक. लाकूड दोन वर्षं वाळलेलं, ओकचं. राख ओढून झालेली. पंखा फिरतोय, भट्टीच्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी घट्ट बसतेय, पाण्याचा काटा 'फुल', आणि पाणी एकशे ऐंशी डिग्री, म्हणजे चहा टाकण्याजोगं. तळघरात पंप गुणगुणत होता. बॉयलरकडून येणाऱ्या पाइपावर त्यांनी हात ठेवला आणि चटका बसून काढला. परत जाणाऱ्या पाइपावर ठेवला, तर तो गारढोण. एवढी ऊब दारापर्यंत येत होती आणि घरात शिरत नव्हती. पोथीतली नऊ पानं संपली. बारा वाजता आकडा एकोणसाठ झाला. म्हणजे बुधवारी दुपारी बाराला चोवीस तास भरणार होते.

काकूंनी डोकं चालवलं. गरम पाण्याची रबरी पिशवी भरली आणि थर्मोस्टॅटच्या अगदी खाली भिंतीवर खिळा ठोकून टांगली. पंधरा मिनिटांत फोन वाजला.

"आई, घरात एटी फोर कसं काय? आग लागलीय का?"

"नाही रे. भजी तळत होते."

"हॉलमध्ये?"

प्रसन्नही तपासणीच्या बाबतीत बापासारखाच, त्याने व्हिडिओ लावायला लावला आणि पिशवी बघितली.

"आई, यार, तो थर्मोस्टॅट आहे. त्याला वाटलं घर गरम झालंय. त्याने रेडिएटर बंद केले असतील. यू मेड इट वर्स."

खरंच बंद केले होते. पिशवी काढल्यावर आकडा भराभर उतरून सत्तावन्नला थांबला. पिशवीचा आकडा करारात धरायचा नाही असं बजावून प्रसन्नने आईला न्यायला येण्यासाठी स्वतःचं शनिवारचं विमान बुक केलं आणि तिला बॅग भरायला सांगितलं. तो ओरडला असता तर काकूंनी भांडून घेतलं असतं, पण तो अगदी हळू बोलत होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. त्याचा काकूंना फार राग आला. फोन ठेवल्यावर त्या रिकाम्या हॉलमध्ये कोट घालून बसल्या आणि या घरातून आपल्याला बाहेर काढणार या विचाराने थोडा वेळ रडल्या. मग उठून डेल हार्ट्झलरला फोन लावला.

डेल दरीपलीकडचा शेतकरी. सत्तरी ओलांडलेला. बॉयलर विकायचा आणि दुरुस्तही करायचा. बोलायला इतका सावकाश, की दोन वाक्यांच्या मध्ये काकूंचा चहा पिऊन व्हायचा. बुधवारी सकाळी आठला तो आला, दोन्ही पाइपांना हात लावला, हीट एक्स्चेंजर सोडवून उलटा केला, आणि आतून पांढरा चुरा पडला. चुना. पेटीच्या शिरा चुन्याने गच्च भरल्या होत्या.

"या दरीतल्या विहिरींचं पाणी असंच," डेल म्हणाला. "पण एकदाच भरलेल्या पाण्यात एवढा चुना नसतो. तुम्ही बॉयलरमध्ये पाणी घालता का?"

"छे," काकू म्हणाल्या. "जेवढं काढते तेवढंच घालते."

डेलने पेटी खाली ठेवली. "काढता?"

"आंघोळीला."

डेलने हाताला लागलेला चुरा पँटला पुसला. मग त्याने विचारलं, "किती वर्षं?"

"तेरा. पण बादली काढली की बादली घालते. एक दिवस चुकवला नाही." काकूंना वाटलं, निदान एवढ्याबद्दल तरी तो मान डोलावेल.

डेलने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "म्हणजे तो खरं सांगत होता," तो म्हणाला.

"कोण?"

"विष्णू. पाणी गंजू नये, चुना धरू नये म्हणून त्यात औषध घालतात. एक बाटली लोकांना दोन-तीन वर्षं पुरते. विष्णू दर महिन्याला एक न्यायचा. मी विचारलं, पितोस काय रे? तर म्हणाला, माझी बायको त्यात आंघोळ करते. मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो, तोही हसला. आणि दरवेळी प्रत्येक बाटलीचं मागचं बारीक अक्षर वाचायचा. त्यातल्या त्यात कातडीला सौम्य कुठलं, म्हणून. मी म्हटलं, हातमोजे घाल की."

काकू म्हणाल्या, "त्यांना माहीत नव्हतं. ते कामावर गेल्यावरच मी पाणी काढायची."

डेलने खिडकीकडे बोट केलं. बाहेर पांढऱ्याशुभ्र परसात बॉयलरच्या नळापासून मागच्या दारापर्यंत घसरगाडीचे दोन लांबच लांब चर होते आणि मधोमध काकूंच्या गमबुटांचे ठसे. तेरा हिवाळे, रोज. काकू ते चर बघत राहिल्या. नऊ पानांची पोथी लिहिणाऱ्या माणसाने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिचा चोरटा आनंद तसाच राहू दिला होता आणि मागून गुपचूप बाटली ओतत होता. तो गेला आणि बाटली बंद पडली. तिची बादली मात्र दोन हिवाळे इमानाने चालू राहिली.

"मेला," काकू मराठीत म्हणाल्या आणि पदर नव्हता म्हणून मफलरने डोळे पुसले.

चुना काढायला डेलकडे अर्धा कॅनच व्हिनेगर होतं आणि दुकान वीस मैलांवर. काकूंनी ढोकळ्यासाठी इंडियन दुकानातून आणलेली लिंबूसत्त्वाची दोन पाकिटं पुढे केली. डेलने वास घेतला, मान हलवली, आणि छोट्या पंपाने ते आंबट पाणी पेटीतून दोन तास फिरवलं. बादलीत पाणी फेसाळलं, दुधासारखं झालं. पेटी परत बसली तेव्हा साडेअकरा वाजले होते. परतीचा पाइप हळूहळू कोमट झाला. रेडिएटर टिकटिक करू लागले. डेलने बॉयलरमध्ये औषध ओतलं, नळाचं तोंड बूच ठोकून बंद केलं आणि आंघोळ घरात करा, असं तीनदा बजावून तो गेला.

बारा वाजता फोन वाजला. काकू कोट घालूनच थर्मोस्टॅटसमोर उभ्या होत्या.

त्यांनी प्रसन्नला सगळं सांगितलं. बादली, घसरगाडी, चुना, बाटल्या. स्वतःचा एकही गुन्हा वगळला नाही. बाबा दर महिन्याला बाटलीमागचं बारीक अक्षर वाचायचे, हे ऐकल्यावर प्रसन्नने त्यांना मध्येच थांबवलं.

"बाबा तुला काहीच बोलले नाहीत?"

"अवाक्षर नाही. नाहीतर तुझा बाप चहात साखर जास्त झाली तरी अर्धा तास बोलायचा." काकूंनी कोटाचं बटण लावलं. "ते असू दे. बारा वाजले. मी शब्द दिला होता. तुझ्याकडे दिसतच असेल आकडा."

मग प्रसन्न म्हणाला, "हो, दिसतोय. सिक्स्टी आहे. जस्ट झालं, आई. बारा वाजायच्या आत."

काकूंनी समोर बघितलं. थर्मोस्टॅटवर ठळक, हिरव्या अक्षरांत अठ्ठावन्न होतं.

"साठ?" त्यांनी विचारलं.

"सिक्स्टी."

काकू त्या अठ्ठावन्नकडे बघत राहिल्या. या वेळी मात्र त्यांना कळलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग शनिवारचं तिकीट कॅन्सल करू नकोस. ये. लाकडं फोडायची आहेत."