डावीकडे पाहा

घरात तिचं बोलणं कोणी ऐकत नसे. लाँचवर मात्र सगळ्यांना ऐकावंच लागे, कारण तलावाच्या मध्यावर उतरून जायची सोय नव्हती. म्हणूनच तिला ती नोकरी प्राणापलीकडे आवडत होती. लग्नानंतर लवकरच, धक्क्यावर माहिती सांगणारी बाई हवी आहे असं कळल्यावर ती नवऱ्याला न विचारता आत शिरली होती, आणि केस पांढरे होईपर्यंत तिथून हलली नाही. गावात सगळे तिला लाँचवाल्या बाई म्हणत.

नवरा पाणीपुरवठा खात्यात होता. नळ बंद करावा तसे तो घरात आल्यावर कान बंद करी. ती भाजी चिरता चिरता काही सांगू लागली की तो म्हणे, "मुद्द्याचं बोल." मुद्दा येईपर्यंत त्याचा डोळा लागलेला असे. मुलगा बापावर गेला. फरक इतकाच, की बाप झोपून ऐकत नसे, हा मोबाइलवर बोटं फिरवत ऐकत नसे.

माइक हातात आला की ती वेगळीच बाई होई.

"डोंगर आणि तलाव यांच्यामध्ये अडकलेली एक लांब गल्ली, म्हणजे आमचं शहर," ती सुरुवात करी. "रुंदीला जागा नाही, म्हणून इथली माणसं गोष्ट लांबवतात. मी त्यातलीच." लोक हसले की ती इतिहासावर येई. एक फौज घोड्यांना पाणी पाजायला इथे थांबली. पुढे निघायचा हुकूम काही आला नाही. "आम्ही त्यांचे वंशज. अजून हुकमाची वाट बघतोय." मग लोकसंख्या. "साधारण चाळीस हजार. त्यातले निम्मे मघाशी धक्क्यावर तुम्हाला भाड्याच्या खोल्या दाखवायला धावत आले होते, ते तुम्ही पाहिलेच."

पूर्वेच्या वळणावर मात्र तिचा आवाज खाली येई. तिथे तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा म्हातारा, न सांगता इंजिन मंद करी. "आता आपण खालच्या आळीवरून चाललो आहोत," ती सांगे. "बांध उंच केला तेव्हा ही आळी पाण्याखाली गेली. लोकांनी दारं काढून नेली, चौकटी तशाच राहिल्या." त्या आळीत तिचं माहेर होतं. हे ती प्रवाशांना सांगत नसे. घरी एकदा सांगायला गेली, तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, "मग भरपाई मिळाली की नाही?"

लाँच नव्या ठेकेदाराकडे गेली आणि त्याने तिच्या मुलाला कचेरीत घेतलं. त्याच सुमारास सुनेला दवाखान्यात काम लागलं आणि नातीला सांभाळणारी मुलगी सोडून गेली. सासूने नोकरी सोडावी असं घरात कोणी थेट म्हणालं नाही. फक्त सून नातीला कडेवर घेऊन म्हणे, "काय करायचं गं तुझं? तुझी आजी लोकांची आहे." सासू ऐकून न ऐकल्यासारखं करी. इतक्या वर्षांत तेवढं तीही शिकली होती.

एका सकाळी मुलगा प्रेमाने म्हणाला, "आई, तुझी माहिती एकदा सगळी बोल ना मोबाइलवर. आठवण म्हणून राहील."

तिला भरून आलं. पोटच्या पोराने पहिल्यांदाच तिला बोल म्हटलं होतं. आवाज घुमू नये म्हणून दोघं गाद्या-रजयांच्या खोलीत बसले. सकाळच्या फेरीत बोलते तसं ती सगळं बोलली, खालच्या आळीसकट. मुलगा शेवटपर्यंत बसून राहिला. त्या दिवशी तिने नवऱ्यालाही सांगितलं, "पोरगा गुणाचा आहे हो."

पुढच्याच आठवड्यात ती लाँचवर चढली तर माइक अडकवायचा नुसता आकडा लोंबत होता. छताला काळा डबा बसवला होता. ठेकेदार हात जोडून म्हणाला, "बाई, खूप केलंत. आता आराम करा. आवाज तुमचाच आहे, काळजी नको."

घरी येऊन तिने मुलाला विचारलं, "आठवण म्हणाला होतास ना?"

"आठवणच आहे की. उलट कायमची झाली."

"मला विचारलं असतंस..."

"तर तू नाही म्हणाली असतीस."

सुनेने मध्ये तोंड घातलं. "आई, घरबसल्या अख्खं गाव तुमचा आवाज ऐकणार. नशीब लागतं."

"आणि पोरीला सांभाळायला फुकटची बाई मिळायला काय लागतं?"

सून रडत आत गेली. नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला, "झालं तुझं सुरू."

ती घरात बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलाव दिसे. लाँच जवळून गेली की तिचा स्वतःचा आवाज ओट्यापर्यंत येई. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, खालची आळी गायब होती. पूर्वेच्या वळणावर तांडेलाने सवयीने इंजिन मंद केलं, पण डब्यातली बाई थांबली नाही. ती तरातरा पुढच्या काठावरच्या बंगल्यांच्या माहितीकडे निघून गेली.

"ते मीच काढलं," मुलगा म्हणाला. "फिरायला आलेल्या माणसाला बुडालेली घरं कशाला?"

पण दुपारची पहिलीच फेरी निघाली आणि गंमत झाली. सकाळी वारा डोंगरावरून उतरतो आणि दुपारी तलावावरून येतो. म्हणून दुपारची फेरी उलट्या बाजूने निघते. बाई माइकवर असताना दुपारी सगळं उलटं बोलायची, डाव्याचं उजवं आणि शेवटचं आधी. डबा सकाळचंच बोलत राहिला. "डावीकडे पाहा, राणी इथे स्नानाला येत असे," असं तो गोड आवाजात म्हणाला, तेव्हा डावीकडे नुसतं पाणी होतं आणि उजवीकडे गटाराचं तोंड. पुढे कत्तलखाना आला तेव्हा "इथली हवा मोठ्या गुणाची मानतात," असं ऐकू आलं. पोरांनी नाकं दाबली, माणसं पोट धरून हसली. बाजारात दोन दिवस तोच विषय होता. तांडेल धक्क्यावर विडी ओढत म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही."

तिलाही हसू आलं. नंतर वेगळंच काही टोचलं. तलावाकाठी वाढलेल्या तिच्या मुलाने आईची दुपारची फेरी जन्मात एकदाही ऐकली नव्हती.

तरी आशा सुटत नाही. दोन्ही फेऱ्या जाणणारी ती एकटीच होती, म्हणजे आता बोलावणं येणारच. तिने कामाचे कपडे इस्त्री करून ठेवले आणि नातीला सांगून टाकलं, "उद्यापासून आजी पुन्हा लाँचवर."

मुलगा लवकर घरी आला. त्याचा चेहरा पडला होता. ती उठून उभीच राहिली.

"कधी यायचं म्हणाले?"

"कुठे?" त्याने मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "फक्त दुपारचं बोल. ठेकेदार माझ्यावर खवळलाय. म्हणतो, घरची बाई असून असा घोळ! आई, माझी नोकरी जाईल गं."

"नाही बोलले तर?"

त्याने मोबाइल तसाच पुढे धरून ठेवला. दारात सून उभी होती. नवऱ्याने चक्क वर्तमानपत्र खाली ठेवलं. अख्खं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं. आज तिने बोलावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

"चल," ती म्हणाली आणि गाद्यांच्या खोलीत जाऊन बसली.

"थोडं हसत बोल," मुलगा म्हणाला. "आणि ती आळीबिळी नको."

ती हसत बोलली. आळी तिने स्वतःच गाळली. मुलगा बोलणं संपायच्या आत उठला, कारण ठेकेदाराचा फोन आला होता.

आता दुपारीही सगळं बरोबर चालतं. घोळ कोणाला आठवतही नाही. नवरा म्हणतो, "बघ, उगाच आकांडतांडव केलंस."

परवा दुपारी ती नातीला मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. लाँच पूर्वेच्या वळणावर आली आणि इंजिन मंद झालं. तांडेल अजूनही तेवढं करतो. पोरीच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "ती लाँच आहे ना, बरोबर तिच्याखाली माझं घर होतं. आमच्या दाराला..."

"शू!" नातीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प बस ना. आजी बोलतेय."