डावीकडची काच

आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात जुन्या विमानांचे फोटो. ते मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात फिटर होते. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आमच्याकडे वसईला, फ्लॅटवर राहायला आले.

दुपारी आमचा खेळ चालायचा. ते फोटो पोस्टकार्डाने झाकायचे आणि फक्त विमानाचं शेपूट उघडं ठेवायचे. ओळखता आलं नाही तर कार्ड थोडं सरकायचं, पंख दिसायचा, मग नाक. "माणसं शेवटी बघायची," ते म्हणायचे. "माणसं कुठल्याही विमानापुढं तशीच उभी राहतात."

मी मात्र कार्ड पूर्ण निघायची वाट बघायचे. कोणी पोट आत ओढलंय, कोणाच्या बुटाची नाडी सुटलीय, ते मला दिसायचं. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. तेव्हा मी कोणालाच फारसं काही सांगत नसे. शाळेत इंग्रजी बोलायचे ते विचारलं तरच, आणि घरी मराठी चुकेल म्हणून गप्प.

त्या मराठीसाठीच आईने मला वसईतल्याच होळी गावात एका निवृत्त शिक्षिकेकडे शिकवणीला घातलं होतं. त्यांना मी टीचर म्हणायचे. घराभोवती त्यांची केळीची वाडी होती. माझ्याशी त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि वाडीत काम करणाऱ्या मोठ्या भावाशी त्यांच्या घरच्या बोलीत. त्यातलं मला निम्मंच कळायचं.

बारावीच्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, टीचर आमच्या घरी आल्या. पर्समधून त्यांनी एक फोटो काढला. विमानाच्या नाकासमोर तीन तरुण उभे होते, गणवेशात.

"यात माझे वडील आहेत की नाहीत, एवढं सांगा," त्या आजोबांना म्हणाल्या.

त्यांचे वडील हवाई दलात असताना आजारपणात गेले, तेव्हा टीचर सहा महिन्यांच्या होत्या. घरात वडिलांचा एकच फोटो होता, लग्नातला. तो त्यांच्या आईने शवपेटीत नवऱ्याच्या हाताखाली ठेवून दिला. आईकडून मुलांना दोनच गोष्टी मिळाल्या: वडील कॅनबेरा विमानावर काम करायचे आणि त्यांच्या डाव्या गालावर मोठा तीळ होता. आता आत्या वारल्यावर तिच्या ट्रंकेत हा फोटो सापडला होता. मधल्या तरुणाला तीळ होता, पण उजव्या गालावर. नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक मृतांच्या स्मरणदिनी थडग्यावर फुलं-मेणबत्त्या लावतात. त्याआधी तिथल्या दगडावर हा चेहरा बसवावा असं टीचरना वाटत होतं. भाऊ तयार नव्हता. तीळ काय बाजू बदलतो का, असं तो म्हणायचा. बापाच्या थडग्यावर परका माणूस कशाला?

आजोबांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"नाक कॅनबेराचं आहे," ते म्हणाले. "पण हे कॅनबेरा नाही."

मग त्यांनी समजावलं. ज्या कॅनबेरावर त्यांनी काम केलं, त्यात वैमानिकाच्या डोक्यावरची काच मधोमध नसायची. ती विमानाच्या डाव्या बाजूला सरकलेली असायची. समोरून फोटो काढला की ती आपल्या उजव्या हाताला दिसणार. या फोटोत ती आपल्या डावीकडे होती. अशी काच त्यांनी कधी पाहिली नव्हती.

टीचरनी मान हलवली. मग दादाचंच खरं, म्हणाल्या. आजोबांनी दोन दिवस फोटो ठेवायला मागितला. त्यांनी ठेवला, पण चहा अर्धाच टाकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा डब्यातले सगळे फोटो पलंगावर पसरलेले होते. आजोबांनी शर्टाने भिंग पुसलं, परत बघितलं.

"वय झालं गं," ते म्हणाले. "मीच विसरलो असणार काच कुठल्या बाजूला ते. आता त्या बाईला काय सांगायचं?"

मला आदल्या दिवशीच काहीतरी दिसलं होतं. टीचरसमोर बोलायचा धीर झाला नव्हता. शिवाय ते विमानाबद्दल नव्हतं.

"आजोबा, या तिघांचे शर्ट बायकांसारखे आहेत."

त्यांनी भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे, बटणं उलट्या बाजूला आहेत. माझ्या शर्टाला असतात तशी. तिघांचीही."

त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बटणांवर बोट ठेवलं, मग फोटोवर. मग उठले, कपाटाच्या आरशासमोर फोटो धरला आणि हसायलाच लागले. आरशात काच जागेवर होती. तीळही.

"छापणाऱ्यानं निगेटिव्ह पालथी घातली," ते म्हणाले. "गाढव."

टीचरबरोबर त्यांचा भाऊ आमच्याकडे आला तो वाडीतून थेट, पायाला माती. आरशासमोर त्याने फोटो धरला, मग गळ्यातल्या टॉवेलने फोटोचा कोपरा पुसला, तो स्वच्छ होता तरी. एक शब्द बोलला, त्यांच्या बोलीतला. मला कळला नाही. अर्थ टीचरनी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

नोव्हेंबरात आजोबा आणि मी त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेलो. दगडावर लंबगोल चौकटीत तो तरुण होता, सुलटा. आजोबा वाकून खूप वेळ बघत राहिले.

"चांगलं झालं," ते टीचरना म्हणाले. आणि परत येताना रिक्षात मला, हळूच, "पण विमान कापलं की गं त्यांनी."

हे टीचरपर्यंत कसं पोचलं माहीत नाही. ते माझंच काम, असं आजोबा म्हणायचे. पुढच्या आठवड्यात टीचरनी मूळ फोटो आजोबांना देऊन टाकला. आता आजोबा नाहीत, डबा माझ्याकडे आहे. तो फोटो डब्यात नाही. कपाटाच्या आरशासमोरच्या भिंतीवर लावलाय, केस विंचरताना आरशात सुलटा दिसतो. डावीकडची काच विमानाच्या डावीकडे.