वळचणीचा कप

लहानू रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झाला तेव्हा पोरीनं विचारलं, "बाबा, कहाँ घूमने चलें?" लोक बोधगया म्हणतात, सांची म्हणतात. हा म्हणाला, "दत्तोपंताच्या गोठ्यात."

भावनाला वाटलं, बापाचं डोकं फिरलं. पण तो गोठा आता गोठा राहिला नव्हता. रायपूरच्या पलीकडे नवी राजधानी उठली, साहेबलोकांना रविवारची खेड्याची हवा हवीशी झाली, आणि दत्तोपंतांचा नातू अभिनव यानं दीडशे वर्षांच्या त्या गोठ्याची कॉटेज करून टाकली. वर भाताच्या तणसानं शाकारलेलं छप्पर, खाली गुळगुळीत फरशी आणि एसी. जिथं बैल मुतायचे तिथं लोक भाडं भरून झोपू लागले. घ्या!

लहानूचा बाप मारोती याच गोठ्यात अठरा वर्षं राबला. शेण काढायचं, तणीस टाकायचं, तिथंच निजायचं. मालकाच्या घराची पायरी मात्र चढायची नाही. जात आड यायची. एकदा तापानं फणफणलेला असताना त्यानं विहिरीवरच्या मालकाच्या लोट्यानं पाणी प्यायलं. तरण्याबांड दत्तोपंतानं त्याला दावणीला बांधून कासऱ्यानं फोडलं. लहानू आठ वर्षांचा होता, समोरच उभा होता.

त्याच आठवड्यात मारोती पोराला घेऊन रायपूरला आला, रेल्वेत लागला. क्वार्टर मिळालं. पण म्हातारा मरेपर्यंत स्वतःच्याच घरात उंबऱ्याबाहेर बसून चहा प्याला. "आत ये ना बा," म्हटलं की नुसता हसायचा. ते हसणं लहानू कधी विसरला नाही. दत्तोपंताच्या हातून चहा मागवायचा, खुर्चीत बसून, हुकूम सोडून, एवढंच त्याला आयुष्यात करायचं होतं. आपण रिटायर होईपर्यंत दत्तोपंत मरू नये, एवढीच त्याला धास्ती होती, दुसरं काय!

पोचल्यावर अभिनव हौसेनं कॉटेज दाखवू लागला. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात टवके उडालेला एक इनॅमलचा कप होता.

"ये देखिए अंकल, आमच्या पणजोबांचा. छप्पर उतरवलं तेव्हा वळचणीत सापडला. अँटिक आहे!"

लहानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचा कप! मालकाच्या घराबाहेर, गोठ्याच्या छपराच्या कडेला खोचून ठेवलेला, वरून चहा ओतला जायचा तो. आता नुसता चहा मागवून भागणार नव्हतं. पण तो गोड हसला.

"भैया, चहा सांगा. अन् आजोबाले बोलवा. या कपात त्यायले माह्या हातानं देतो."

अभिनव खूश. त्यानं फोटोसाठी मोबाईल काढला. ओसरीवरचे पाहुणेही कौतुकानं जवळ आले. दत्तोपंत काठी टेकत आले, ऐंशीचे, पांढऱ्याशुभ्र धोतरात. लहानूनं कपाटातल्या त्या कपात चहा ओतून पुढे केला. म्हाताऱ्यानं हात झटकन मागे घेतला.

"हा नको. दुसरा आण."

"काहून? तुमच्या वडलांचा हाय म्हणते ना पोट्टा?"

दत्तोपंतांनी आता कुठं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मी मारोतीचा लहानू, मालक. सांगा यायले, कप कोणाचा?"

"मारोतीचा," दत्तोपंत पुटपुटले. "गडी होता आमचा."

"गड्याचा कप वळचणीत काहून ठेवत होते?"

अभिनवचा मोबाईल खाली आला. एका पाहुणीनं तोंड फिरवलं.

"प्या," लहानू म्हणाला. "निवून राहिला."

चारचौघांत नाही म्हणायची सोय उरली नव्हती. दत्तोपंतांनी कप दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटून घोट घोट चहा संपवला, आणि कप टेबलावर ठेवायला वाकले.

"अं हं! ज्यानं प्यावं त्यानंच धुवावं, असा नेम होता इथं. तुमचाच."

"अंकल, मी धुतो—" अभिनव पुढे झाला.

"तू नाही. तू नव्हता तेव्हा."

म्हातारा अंगणातल्या नळाशी गेला. गुडघे वाजवत उकिडवा बसला. भावनानं बापाचा दंड धरला, "बाबा, बस हुआ. अब चलो."

लहानू जागचा हलला नाही. खुर्ची ओढून नळासमोरच बसला.

"बुडाशी राहिलं, मालक," तो म्हणाला. "बोट घाला."