वारज्याच्या टेकडीवरची मोई आणि माझी धाकटी

वर्ध्याहून पुण्याला निघालो तेव्हा आमच्या हिने बजावलं, पोरीवर ओरडू नका. मी निघालो होतो ते ओरडायलाच. धाकट्या वैशालीने सॉफ्टवेअरची नोकरी सोडून थोरलीकडे बसकण मारली होती. खराडीतल्या एका कंपनीत ओळखीने मीच तिची मुलाखत ठरवली होती.

पुण्यात उतरल्यावर नारायण पेठेत मिसळ खाल्ली. आमच्या वऱ्हाडी जिभेला ती गोडच लागली, बाप्पा! मालकाला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, तिखट शेजारच्या दुकानात मिळतं, किलोवर.

थोरली अश्विनी वारज्याला राहते. तीही खराडीतच नोकरीला. रोज सगळं पुणं ओलांडते, पण हसत. वैशालीने दार उघडलं. पोरगी पार वाळली होती. तरी जेवताना मी म्हणालोच, एकाच आईच्या लेकी तुम्ही, तिला जमतं ते तुला का नाही? उद्या जाते मुलाखतीला, एवढंच ती बोलली.

सकाळी टेकडीवर गेलो. इथली माणसं फिरायला येताना पाण्याचे कॅन घेऊन चढतात आणि आपण लावलेल्या झाडांना घालतात. एका आजोबांनी माझ्याही हाती कॅन दिला, आपली दोन झाडं दाखवली. कडुनिंब चैत्रपालवीने भरला होता. शेजारची मोई म्हणजे नुसत्या काटक्या. मेलेल्याला पाणी कशाला, म्हणून मी सगळा कॅन कडुनिंबाला ओतला.

“अहो, ती जिवंत आहे,” आजोबा शांतपणे म्हणाले. “पावसाळ्याच्या तोंडावर येतील तिला पानं. कडुनिंबाकडे बघून तिचा पंचनामा करू नका.”

रात्री जेवताना वैशालीला काय बोललो होतो, ते आठवलं. तडक खाली उतरलो, तर वैशाली निघून गेलेली. रिक्षाने खराडी गाठली आणि काचेच्या त्या इमारतीच्या फाटकाशी उन्हात उभा राहिलो. दुपारी ती बाहेर आली.

“झालं, बाबा. घेतलं त्यांनी,” म्हणाली आणि तिथेच रडू लागली.

“नको जाऊस मग,” मी म्हणालो. “तुला काय करायचंय, ते सांग.”

बालवाडीत शिकवायचंय, ती चाचरत म्हणाली. वारज्यातच एक जागा होती, तिने विचारूनही ठेवलं होतं. मी हो म्हणालो.

परतीच्या गाडीत एकटाच होतो. पुणेकर तोडून बोलतात, आम्ही घोळवून बोलतो. ज्याची त्याची तऱ्हा, हे मला मिसळीच्या दुकानातही कळलं होतं. घरातलं मात्र कळलं नव्हतं. हो म्हणालो, तरी वैशाली कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली होती. बाप खरं बोलतोय का, ते ती बघत होती.