धुळ्याची सवत

माझ्या सवतीला जाड मिशा होत्या आणि ती दर रविवारी सकाळच्या एसटीने धुळ्याहून यायची. तिचं नाव आप्पा.

सवत हा शब्द मी फक्त माझ्या बहिणीजवळ उच्चारला. एरवी मीही त्यांना आप्पाच म्हणायची. आप्पा आणि आमचे हे शिकायला असताना धुळ्यात एका खोलीत राहिले होते. पुढे आप्पा तिथल्याच एका कॉलेजात शिकवू लागले आणि हे जळगावात व्यापाऱ्यांचे हिशेब लिहू लागले. आठवडाभर मुकाट्याने जेवणारा माझा नवरा शनिवारी संध्याकाळपासून गुणगुणायला लागायचा. रविवारी गाडी यायच्या कितीतरी आधी स्टँडवर हजर. मी पहूरला माहेरी जाऊन येऊ म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "बघू पुढे. या रविवारी आप्पा येतोय."

आप्पा जेवायला बसले की पहिल्याच घासाला अहिराणीत म्हणायचे, "वहिनी, भरीत एक नंबर शे!" त्यावर हे मान वर करून म्हणायचे, "हो, आज खरंच छान झालंय." गुरुवारी तेच भरीत यांनी पेपर वाचत संपवलेलं असायचं. आप्पांना मी आग्रहाने वाढायची, आणि मनातल्या मनात त्यांची गाडी वाटेत पारोळ्यालाच बंद पडायला हवी होती असं म्हणायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात इंटरनेट नवं होतं. आमचं घर असोदा रस्त्याला, यांचं ऑफिस रस्त्यापलीकडे आणि फोन घरात. एकाच फोनवरून दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालावं म्हणून या दोघांनी एका जुन्या कॉम्प्युटरची उलथापालथ करून एक खोकं तयार केलं होतं. ते माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर, डाळींच्या डब्यांशेजारी बसलं. तिथून ऑफिसात नेलेली वायर केळीच्या ट्रकांनी दोनदा तोडली. मग ठरलं, वायरीशिवाय जोडणारं बिनतारी कार्ड बसवायचं. एक खोक्यात, एक ऑफिसात.

असलं कार्ड गावात कुठे मिळणार? यांचा मावसभाऊ दिवाळीला अमेरिकेतून यायचा होता, तो आणणार होता. पण कोणतं? एक नवं, फार वेगवान. दुसरं जुनं आणि हळू, पण खोक्यातल्या प्रोग्रॅमला चालणारं. यांना नवं हवं होतं. मासिकातला त्याचा फोटो हे मुलीच्या स्थळाचा फोटो बघावा तसे बघायचे.

एका मंगळवारी पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, "अहो, फोनच जर एवढा रखडत चालतो, तर कार्ड पळून काय करणार? इंटरनेट यायचं ते फोनवरूनच ना?"

"तुला त्यातलं कळत नाही गं," हे म्हणाले.

रविवारी आप्पा आले. चहा होईपर्यंत त्यांनी यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, नवं कार्ड पळी, पन कोठे? फोनची लाईन मुंगीसारखी चालस. यंत्र ज्याले वळखस, तेच दे त्याले."

यांनी मांडीवर थाप मारली. "वा आप्पा! हे माझ्या लक्षातच आलं नाही!"

माझ्या हातातली पकड ओट्यावर आपटली गेली. "लाईनचं मी मंगळवारीच सांगितलं होतं," मी आतूनच म्हणाले.

बाहेरून आप्पांचा आवाज आला, "सांगं व्हतं का रे वहिनींनी?"

"हो, म्हणजे... तसं काहीतरी म्हणाली होती."

"मंग मी धुळ्याहून कसाले उनू?"

मग मी आलो कशाला, असं विचारताना आप्पा हसले नाहीत. चहाचा कप घेऊन ते थेट स्वयंपाकघराच्या दारात आले आणि त्यांनी मला विचारलं, "वहिनी, ऑफिस समोर यावं म्हणून खोकं खिडकीजवळ आणलं तर तुमची अडचण होईल का?" माझ्याशी बोलताना ते मधेच पुस्तकी मराठीत शिरायचे. मी डबे हलवून जागा करून दिली. तरी राग गेला नाही. खरं तर वाढलाच. मला न्याय मिळाला होता, पण तो त्यांच्याकडून.

जुनंच कार्ड आलं आणि नीट चाललं. नंतरच्या वर्षी आप्पांना मस्कतला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी त्यांना गाडीत बसवून हे स्टँडवरून पायी घरी आले आणि नुसते बसून राहिले. माझ्यासाठी कधी एवढे खिन्न झाले असतील का, हाच विचार माझ्या मनात आला.

काही दिवसांनी खोकं बंद पडलं. यांनी ते उघडलं, बराच वेळ आत बघत राहिले, मग हाक मारली, "अगं, जरा ये. तुला काय वाटतं?"

लग्नानंतर हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला जात होता. मी हात पुसत गेले, शेजारी बसले. आता आमच्या घरात कुठलीही गोष्ट मला विचारल्याशिवाय होत नाही. बहिणीला याचं कौतुक वाटतं. माझ्या नवऱ्याला माझं ऐकायला मी शिकवू शकले नाही, ते आप्पांनी त्या रविवारच्या एका प्रश्नात शिकवलं. मला ते अजूनही खुपतं.